मामाच्या हातचा पहिला घास

"अगं ए! कुंचीतल्या लेकराला घिऊन ह्या धुरात कुठं फिरतीयास?"

मी दचकून वर पाहिलं. सकाळपासून कलकत्त्याच्या बहूबाजारात सोनारांच्या गल्ल्या मी पायांखाली घातल्या होत्या, आणि एवढ्या वेळात मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. आता पडला तोही थेट आमच्या खानापूर तालुक्यातला! पहिल्या मजल्यावरच्या लोखंडी गजांना धरून एक जाडजूड बाई खाली बघत उभी होती. हातात लाटणं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे?" मी खालून ओरडले.

"कुंची बघून! खणाची कुंची घातलेलं लेकरू ह्या गल्लीत काय बंगालणीचं असंल व्हय? ये वर. जिना काळोखा हाय, भिंत धरून ये."

कडेवर सात महिन्यांची सई. आईनं शिवलेली ती हिरवी कुंची डोक्यावरून पाठीपर्यंत ओढून, बाहुलीसारखी बसलेली. खालच्या दुकानातून सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा वास येत होता. तो वास मी लहानपणापासून ओळखत होते. माझा थोरला भाऊ संपतदादा गावी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला यायचा तसाच.

आमच्याकडची माणसं गलाईवाली. सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. देशात जिथं जिथं सोनार आहे तिथं शेजारी आमच्या तालुक्यातला कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला असतो. दादा सोळाव्या वर्षी कलकत्त्याला आला तो असाच, गावातल्या एकाचं बोट धरून.

हे सगळं मला माहीत असूनही मी तीन दिवस दादाला शोधत भलत्याच कलकत्त्यात हिंडत होते. माझे यजमान बँकेत. त्यांचं आठवड्याचं ट्रेनिंग निघालं, तेव्हा हट्ट करून मीही आले होते. आल्याआल्या वाटलं, मराठी माणूस शोधायचा तर मराठी मंडळात जावं. तिकडं दक्षिणेला गेले. मोठमोठी झाडं, बंगल्यांच्या बंद खिडक्या, आणि मंडळातले गोड बोलणारे म्हातारे प्राध्यापक. त्यांनी चहा दिला, सईला बिस्किट देऊ केलं, पण गलाईवाला म्हणजे काय हे मलाच त्यांना समजावून सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी बडाबाजार. तिथं हमालांच्या डोक्यावरच्या गठ्ठ्यांतून वाट काढताना सई इतकी रडली की मी परत फिरले. तिसऱ्या दिवशी ट्रेनिंगला आलेल्यांच्या बायकांबरोबर संगमरवरी राजवाडा बघितला, बागेत शेंगा खाल्ल्या आणि मनातून रडवेली झाले. परतीची गाडी सोमवारची. आज शनिवार.

"बस," काकूंनी पाट सरकवला. "कुणाची तू? गाव कुठलं?"

गावाचं नाव सांगितलं, माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं सांगितलं. त्यांचं नाव ऐकल्यावर काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"म्हंजी संपतची भण?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी नुसती मान हलवली.

ह्या हौसाकाकू. आमच्याच तालुक्यातल्या लेंगऱ्याच्या. लग्न होऊन आल्या त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या नवऱ्याची खाली भट्टी.

"तो आता आमच्यात बसत उठत न्हाई गं," काकू म्हणाल्या. "दोन दुकानं सोडून पलीकडं कामाला हुता. कुमारटुलीतल्या मूर्तिकाराची पोरगी केली. शिउली तिचं नाव. ती लोकं रागावली, तुझा बाप रागावला, आन् आमच्यातल्या शाण्यांनी ठरावच केला, त्याच्याकडं कुणी जाऊ नये म्हणून. सिंथीकडं कुठं तरी ऱ्हातो म्हणत्यात. तू काय काम काढलंस त्याच्याकडं एवढं?"

"हिचं उष्टावण," मी म्हणाले.

सई त्या क्षणी काकूंच्या पोळीकडं बघत तोंड हलवत होती. महिनाभर हेच चाललं होतं. आमच्या ताटाकडं बघायची आणि नुसतंच चावायची. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. पाचवा हुकला, आता सातवा सरत आला होता. पहिला घास मामानं भरवायचा. सासूबाईंनी आधी समजावलं, मग चिडवलं, "चुलतमामा आहेत चार, कोणीही घालील की गं भात. तुझा भाऊ काय चांदीचा लागून गेलाय?" मी ऐकलं नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "जा कलकत्त्याला. भेटला तर बरं. नाही भेटला तर आल्या पावली देवळात नेऊन मी भरवीन. पोर उपाशी ठेवायची नाही." आणि आई माझ्या हातात कुंची देताना एवढंच म्हणाली होती, "बघ जमलं तर." आबांच्या देखत यापेक्षा जास्त ती बोलू शकली नसती.

दादा माझ्या लग्नाला आला नव्हता. आबांनीच त्याला कळवलं होतं, इकडं यायचं नाही. त्यानं नंबर बदलला, आम्ही गप्प बसलो. तीन वर्षं झाली होती.

काकूंनी तवा उतरवला. "अवं!" त्यांनी जिन्यातून खाली नवऱ्याला हाक मारली. "मी चाललीया. चपाती झाकून ठिवलीया."

खालून भट्टीचा आवाज तेवढा आला.

"चल," काकू चपला शोधत म्हणाल्या. "आधी कुमारटुली. पोरीच्या आईला पत्ता ठावं असणारच. आईला सगळं ठावं असतं."

"पण तुमच्यातल्या लोकांनी ठराव केलाय ना?"

"ठराव पुरुषांनी केलाय. मला कुणी बोलावलं हुतं बैठकीला?"

ट्राममध्ये खिडकीजवळ बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नुसती पुस्तकंच पुस्तकं, दुकानांच्या पायरीवर, फुटपाथवर, कठड्यावर. "ही सगळी वाचत्यात व्हय?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "वाचत्यात, आन् मग भांडत्यात. दोन बंगाली एका चहावर अर्धा दिस भांडतील, पर हात उचलायचे न्हाईत. आपल्याकडं भांडण सुरू व्हायच्या आधी हात उठतो." त्या कंडक्टरशी बंगालीत बोलल्या. शब्द बंगाली, पण हेल लेंगऱ्याचा. तो हसला आणि त्यानं सईचा गाल ओढला.

हातीबागानला उतरून आत वळलो. घरांची तोंडं अरुंद, व्हरांड्यांना लाकडी पट्ट्यांच्या हिरव्या झिलमिल्या, ओट्यांवर लुंगी नेसलेली म्हातारी माणसं वर्तमानपत्र वाचत बसलेली. कुठं मासळीचा वास, कुठं तळलेल्या वांग्याचा. प्रत्येक ओट्यावरून कुणी ना कुणी काकूंना विचारायचं, कुठं निघालात? आणि काकू प्रत्येकाला थांबून सांगायच्या. मला वाटलं, ह्या शहराला घाई म्हणून नाहीच. मला मात्र होती.

कुमारटुलीत शिरलो आणि सई गप्प झाली. गल्लीच्या दोन्ही अंगांना पेंढ्याची माणसं उभी होती. सुतळीनं बांधलेली, डोकी नसलेली. पुढच्या गाळ्यात त्यांच्यावर राखाडी माती चढलेली. त्याच्यापुढं फळीवर नुसती डोकी वाळत ठेवलेली, सगळी सरस्वतीची, सगळी एकसारखी हसरी. वसंतपंचमी जवळ आली होती. पायात चिखल, नाल्यात चिखल, माणसांच्या कोपरापर्यंत चिखल.

विचारत विचारत शिउलीच्या बापाचा गाळा गाठला. पाल नावाच्या पाटीखाली एक वाळका माणूस हंसाच्या मानेला माती लावत बसला होता. काकू त्याच्याशी बोलल्या. त्यानं मान वर केली नाही. अंगठ्यानं हंसाची मान गुळगुळीत करत तो एकच वाक्य बोलला.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, शिउली नावाचं हितं कुणी न्हाई."

त्याच्यामागं अंधारात एक बाई माती तुडवत होती. तिचे पाय थांबले. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं सईकडं. मग ती पुन्हा माती तुडवू लागली.

आम्ही परत फिरलो. गल्लीच्या वळणावर मागून भराभर पावलं आली. तीच बाई. पाय घोट्यापर्यंत मातीचे, पदराखाली पत्र्याचा डबा. तिनं काकूंच्या हातात डबा कोंबला आणि खालच्या आवाजात घाईघाईनं पत्ता सांगितला. मग सईच्या हनुवटीला बोटं लावली आणि तीच बोटं आपल्या ओठांना टेकवली. आमच्याकडं बायका कानशिलावर बोटं मोडतात, तसंच असावं. जाता जाता ती आणखी काहीतरी म्हणाली, माझ्याकडं बघत.

काकूंचा चेहरा एकदम बदलला.

"काय म्हणाली शेवटी?"

"पत्ता सांगितला."

"त्याच्यानंतर?"

"गूळ हाय म्हणाली डब्यात. खजुरीचा. चल, बस चुकंल."

"काकू, खरं सांगा."

"मी काय दुभाषी हाय व्हय कोर्टातली? चल म्हणते न्हवं!"

बसमध्ये त्या माझ्याकडं बघेनात. खिडकीबाहेर बघत दोनदा नाक पुसलं. दादाचं काही बरंवाईट तर झालं नसेल? तो आजारी असेल? मला भेटायचं नाही असा निरोप तर त्यानं आधीच देऊन ठेवला नसेल? सई मांडीवर झोपली होती. झोपेतही तिचं तोंड हलत होतं.

सिंथी म्हणजे कारागिरांचं कलकत्ता. गल्लीच्या तोंडापासूनच ठोकठोक ऐकू येऊ लागली. खिडकीखिडकीतून बारीक हातोड्या, पॉलिशच्या चाकांची घरघर, दारात उन्हाला बसून बांगडीवर नक्षी कोरणारी माणसं. आणि मधूनच तो वास, तेजाबाचा. मी वासामागं चालू लागले. पत्ता काकूंच्या तोंडात होता, पण मी त्यांच्या पुढं होते.

गाळा एवढासा. आत भट्टी पेटलेली. तिच्या उजेडात अर्धा पाठमोरा माणूस वाकून उभा, हातात लांब चिमटा. दाढी वाढलेली, कानशिलावर पांढरे केस आलेले. तिशीतच!

"दादा," मी म्हणाले.

त्याची पाठ ताठ झाली. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. एकदा, नीट. आणि परत भट्टीकडं वळला.

मला वाटलं, झालं. एवढ्यासाठी आले होते मी. माझे पाय मागं सरले, तसा काकूंचा हात पाठीवर आला.

"थांब. मूस हाय त्याच्या हातात. वितळलेलं मधीच ठिवता येत न्हाई. वतू दे त्याला."

तो ओततच होता. लालभडक मूस तिरकी झाली, आतून पिवळी धार निघाली, साच्यात उतरली. त्याचे हात जराही हलले नाहीत. फक्त खांदे हलत होते. साचा भरला, मूस खाली ठेवली, चिमटा खाली ठेवला, हातमोजे काढले. आणि मग तो तिथंच, भट्टीपुढं, उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मीही त्याच्यासमोर खाली बसले. सई जागी झाली आणि तिनं त्याची दाढी ओढली.

"ही व्हय?" तो म्हणाला. "नाव काय?"

"सई."

"वैजू, तुझ्यासारखी हाय गं. नाक तेवढं दाजींचं असंल." मग एकदम सावध झाला. "आबांनी धाडलं तुला?"

"नाही."

"ठावं हाय त्यांना?"

"आईला ठावं हाय. दादा, हिचं उष्टावण राहिलंय. तू घास भरव. तेवढ्यासाठी आले."

तो उठला. माझ्याकडं पाठ करून भट्टीचा भाता उगाच हलवू लागला.

"दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घी."

"सख्खा मामा दुसरा आहे का हिला?"

"ऐक माझं. आबांना कळणार. आज न्हाई तर उद्या. मग तुझंबी माहेर तुटंल. दिवाळीला कुठं जाशील? बाळंतपणाला कुठं जाशील? माझ्या एकट्याचं तुटलंय तेवढं बास हाय. जा तू. मिळंल ती गाडी पकड. जा."

"एवढ्या लांबून आले मी!"

"म्हणूनच सांगतोय. बघितलीस मला, मी तुला बघितलं. झालं की."

मी काकूंकडं पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला.

"झालं बोलून?" त्या दादाला म्हणाल्या. "आता बायकू कुठं हाय तुझी? वर? मग वर चल. पाव्हणीला भट्टीपुढनं घालवतोस, लाज वाटत न्हाई?"

"काकू, तुमच्यातल्यांनी तर…"

"आमच्यातल्यांचं मला सांगू नगो. माझं पाय दुखत्यात. पाणी पाज आधी."

जिना लाकडी होता. आमची चाहूल लागून वरचं दार उघडलं. हाताला तेल लागलेली एक सावळी, बारीक मुलगी चौकटीत उभी राहिली. हातांत पांढऱ्या शंखाच्या आणि लाल बांगड्या. तिनं काकूंना पाहिलं, दादाच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग मला पाहिलं. माझं आणि दादाचं कपाळ एकच आहे. तिचे डोळे मोठे झाले आणि ती आत वळून केवढ्यांदा तरी ओरडली, "ओ मा! खोकार पिशी एशेछे!"

काकू रडू लागल्या. हसत रडू लागल्या.

"काय म्हणतेय ती?" मी गोंधळून विचारलं.

"बाळाची आत्या आली म्हणतीया गं, आत्या!"

खोलीच्या मधोमध, चटईवर, तेलानं चमकणारं एक बाळ उताणं पडून पाय झाडत होतं. मुलगा. चारेक महिन्यांचा. मी दादाकडं वळले. त्याची मान खाली होती.

"दादा, तुला मुलगा झाला? आणि मला…"

"कसं कळवायचं? निरोप धाडायचा तर आबांच्या दारातनंच धाडावा लागतो."

मी त्या बाळापाशी गुडघ्यावर बसले. सईला चटईवर ठेवलं. तिनं वाकून त्याचा पाय पकडला. "नाव काय ह्याचं?" मी विचारलं.

दादा खिडकीकडं गेला. खाली कुठंतरी हातोडी चालली होती.

मग शिउली बोलली. तिचं मराठी म्हणजे दादाचं मराठी, बंगाली तोंडातून आलेलं. "नाव नाय. तुमचा भाऊ नाव ठेवाय देत नाय. मी बोलली ठेव, माझी आई बोलली ठेव, पाडातले, गल्लीतले सगळे बोलतात, केमोन बाप रे, कसला बाप हा! तो बोलतो, आत्या कानात सांगणार. आत्या नाय तर नाव नाय. आमी सगळे खोका बोलतो. खोका म्हणजे नुसता पोरगा."

"कुमारटुलीची म्हातारी हेच म्हणाली जाताना," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पोर अजून बिननावाचं हाय, पिशीची वाट बघतंय, ती पिशी हीच का? म्हटलं, मी कशाला सांगू. जाऊन बघ म्हटलं तूच."

मी दादाकडं बघतच राहिले. तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता.

"मला माहेर तुटायची भीती घालतोस," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, "आणि इथं लेकराला माझ्यासाठी बिननावाचं ठेवतोस? मला घालवत होतास तू, दादा. मी खालच्या खाली गेले असते, तर?"

"तर ह्याला नाव न्हाई मिळालं असतं," तो म्हणाला. "पर दुसऱ्या कुणाकडनं कसं ठेवून घिऊ?"

दुसऱ्या कुणाकडनं करून घे, असं मघाशी मला त्यानंच सांगितलं होतं. त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. तो सईकडं बघत हळूहळू खाली बसला. सईनं त्याचा मळका अंगठा तोंडात धरला आणि हिरड्यांनी चावू लागली.

"भुकेली हाय गं ही," तो म्हणाला.

"महिनाभर."

"शिउली," तो म्हणाला, "तांदूळ टाक."

"आधी घास," मी म्हणाले. "मग नाव."

"आदी नाव!" काकू कडाडल्या. "यजमानाच्या पोराला नाव न्हाई आन् पाव्हणीच्या पोरीला खीर? रीत हाय काय ही? शिउली, तू तांदूळ टाक. हे घी, आईनं गूळ दिलाय."

शिउलीनं डबा पाहिला. झाकणावरून हात फिरवला, काठाला लागलेली वाळलेली माती नखानं थोडी खरवडली. मग डबा पोटाशी धरून स्टोव्हकडं गेली आणि बराच वेळ आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

पाळणा नव्हता. दादानं शिउलीच्या जुन्या साडीची झोळी छताच्या कडीला बांधली. काकूंनी खोकाला काजळ लावलं. मी सईची कुंची काढून त्याला घातली. तोवर शेजारच्या दारांतून एकेक बाई डोकावू लागली होती. पिशी आल्याची बातमी जिन्यावरून केव्हाच खाली पोचली होती. काकूंनी सगळ्यांना आत घेतलं आणि बंगालीत मोठं भाषणच केलं. बायका आधी ऐकत राहिल्या, मग एकमेकींकडं बघून खिदळू लागल्या.

"काय सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं, आमच्यात आत्या बाळाच्या कानात नाव सांगती, तवा बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. इश्वास बसंना त्यांचा. म्हणत्यात, पाव्हणीला मारायचं?"

"नाव काय पाहिजे गं?" मी शिउलीला विचारलं.

ती पातेलं ढवळत म्हणाली, "तुमी ठेवा. चार महिने वाट बघितली, आता मी कशाला सांगू?"

मी झोळीत वाकले. बाळाचा कान तेलानं मऊ झाला होता. मी काही ठरवून आले नव्हते. ह्या बाळाचं अस्तित्वच मला तासाभरापूर्वी ठाऊक नव्हतं. त्याच्याकडं बघता बघता जे तोंडात आलं तेच मी घेतलं. कानाशी ओठ नेले आणि कुर्रर्र केलं.

पहिला धपाटा इतका हळू पडला की कुणी धूळ झटकतंय असं वाटलं. "असा न्हाई!" काकू ओरडल्या, "असा!" आणि माझ्या पाठीत असा एक ठेवून दिला की माझा श्वासच अडकला. मग काय, सिंथीच्या बायकांना जोर आला. धपाधप पडू लागले. मी हसत होते, रडत होते, आणि तशातच बाळाच्या कानात तीनदा नाव सांगितलं.

"काय ठिवलं? काय ठिवलं?"

"माणिक," मी म्हणाले.

"माणिक!" शिउली टाळी वाजवून म्हणाली. "हे तो बांगालीच नाव!"

"बंगाली कुठलं!" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमच्या भावकीत दोन माणिक हाईत. विट्याकडचं हाय ते, चांगलं जुनं!"

शेजारच्या बायकाही त्यात पडल्या. कुणाचा मामा माणिक, कुणाचा दीर माणिक. दादा तेवढा झोळीजवळ उभा राहून हळू आवाजात म्हणून बघत होता, "माणिक. माणिक संपत." पुन्हा पुन्हा.

खीर झाली. खजुरीच्या गुळाची, तांबूस, घरभर वास सुटलेला. सोन्याच्या अंगठीनं चाटवायची, आणि दिवसभर सोनं ओतणाऱ्याच्या घरात गुंजभर सोनं नव्हतं. काकू बोटातली अंगठी ओढू लागल्या, ती निघेना. साबण लावला, तरी निघेना. "पंचवीस वर्षं भाकरी थापल्यावर बोटं अशीच व्हणार," त्या कुरकुरल्या. शेवटी शिउलीनं दोरा गुंडाळून ती हलकेच फिरवत काढली.

दादा मांडी घालून बसला. सईला मांडीवर घेतलं. अंगठी खिरीत बुडवली. वितळलेलं सोनं न सांडता ओतणाऱ्या हातून खिरीचा थेंब मांडीवर सांडला. सईनं त्याची वाट पाहिली नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओढलं, अंगठी, बोट, खीर सगळंच तोंडात घेतलं आणि डोळे मिटले. मग एकदम उघडले आणि आमच्याकडं असं पाहिलं, की एवढं चांगलं काही असताना तुम्ही मला इतके दिवस सांगितलं कसं नाही!

"अजून दी की," काकू म्हणाल्या. "बघतोस काय?"

त्यानं सगळी वाटी तिला भरवली.

संध्याकाळी निघायच्या आधी मी आईशी बोलायला गावच्या घरी फोन लावला. यजमानांचा जुना मोबाईल माझ्याकडं होता. ही आबांची डेअरीवर जायची वेळ. फोन आईच उचलणार होती.

"हॅलो," आबा म्हणाले.

दादा समोरच होता, एका खांद्यावर सई, एका हातावर माणिक. आवाज खोलीभर ऐकू जात होता.

"आबा, मी वैजू. सईचं उष्टावण झालं."

"कुठं?"

"इथंच. कलकत्त्यात."

"कुणी केलं?"

"मामानं," मी म्हणाले.

पलीकडं म्हैस ओरडली. कुणीतरी बादली ठेवली. दादा दाराकडं जायला वळला, मी त्याच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं. आता थांबले तर पुढं कधीच बोलता येणार नाही हे मला कळत होतं.

"आणि आबा, मी आत्या झाले. पोराचं नाव ठेवलं. चार महिन्यांचा आहे. मी येईपर्यंत त्यानं नाव ठेवू दिलं नव्हतं कुणाला."

इतका वेळ गेला की मला वाटलं फोन कटला. मी कानापासून काढून बघितला. चालू होता.

"धपाटे कुणी घातले?" आबांनी विचारलं. आवाज घोगरा होता. "तिथं आपल्यातल्या बायका कुठनं येणार?"

"आल्या होत्या आबा. अख्ख्या गल्लीनं घातले."

"लागलं का?"

"लागलं."

"लागाय पायजे," आबा म्हणाले. "काय ठिवलं?"

मी नाव सांगितलं. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, अंगण ओलांडून गोठ्यात आईला ओरडून सांगितलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं,

"अगं ए, ऐकलंस का? माणिक ठिवलंय!"